दुसऱ्याचे वाक्य

ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्याचे कष्ट हलके करावेत, ही इच्छा निर्मळ आहे. तरीही काही कष्ट ज्याचे त्यानेच करायचे असतात. श्वास घेण्याचा कष्ट तसा आहे, पाऊल उचलण्याचा तसा आहे, आणि आपल्या मनातील गोष्ट आपल्याच मुखाने उच्चारण्याचाही तसाच आहे. यांपैकी एखादा कष्ट प्रेमापोटी दुसऱ्याने उचलून नेला, तर त्यातून अन्याय जन्माला येतो. तो प्रेमाच्या वेषात असल्यामुळे करणाऱ्याला दिसत नाही, आणि सोसणाऱ्याला सांगता येत नाही. येथे ज्या दोघांची हकीकत आहे ती दोन्ही माणसे सज्जन होती. एकमेकांचे वाईट करण्याचा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता.

त्यांची भेट झाली ती पावसामुळे. संध्याकाळ व्हायला अजून तासभर अवकाश होता. बीज-परीक्षण प्रयोगशाळेत काम करणारी एक तरुणी नमुन्यांचा पत्र्याचा डबा छातीशी धरून रस्त्याने चालली होती; सर कोसळली तशी ती समोर दिसलेल्या पहिल्या उघड्या दारात शिरली. ते एका नाट्यगृहाचे मागचे दार होते. आत अंधार होता, लाकडाचा आणि ओल्या रंगाचा वास होता, आणि त्या अंधारात एक बुटका दिवा, एक स्टूल आणि मांडीवर वही घेऊन बसलेला एक तरुण होता. पलीकडे उजेडात तालीम चालली होती. एक नट दोन पावले पुढे आला, बोलता बोलता थबकला... आणि स्टुलावरच्या तरुणाने ओठ जेमतेम हलवून तीन शब्द उच्चारले. ते त्या नटाला ऐकू गेले, आणि तिला. बाकी कोणालाही नाही. नट पुढे बोलू लागला, जणू मध्ये काही घडलेच नव्हते.

तिची बोटे डब्यावर घट्ट झाली. लहानपणापासून ती बोलताना अडखळत असे. शब्द तिला ठाऊक असे, तो ओठांपर्यंत येई, आणि तेथेच दारात उभा राही. समोरचा माणूस कधी दयेने, कधी घाईने तिच्याकडे पाहत राही. आणि येथे एक माणूस अडलेल्याला असा सोडवत होता की अडल्याची खूणही मागे राहू नये!

"पा... पाऊस थां... थां..." ती म्हणाली.

"थांबेपर्यंत थांबा की," वहीवरची नजर न हलवता तो कुजबुजला. "इथं आत कुणी तिकीट विचारत नाही."

ती हसली. त्याच्या स्वरात दया नव्हती, घाई नव्हती. नुसते कसब होते.

"डब्यात काय? दागिने असल्यासारखा धरलाय."

"बि... बिया."

"पेरणार कुठे?"

"पेरत नाही. मो... मोजते. शंभरातल्या कि-किती उगवतात ते."

"अरे वा! मग माणसांचंही सांगता येत असेल. कोण उगवेल, कोण नाही?"

"त्यासाठी ओ... ओलं करून आठ दिवस ठेवावं लागतं."

तेव्हा त्याने प्रथमच मान वर केली. तिच्या केसांतून पाणी निथळत होते, पापण्यांवर दोन थेंब अडकले होते, आणि ती खाली न पाहता सरळ त्याच्याकडे पाहत होती.

"ओल्या तर तुम्ही झालाच आहात," तो म्हणाला. "आठ दिवसांनी या. बघू काय उगवतं ते."

"कुजबुजे!" रंगमंचावरून दिग्दर्शक ओरडला. "तिकडे कसली खसखस पिकलीय? वाक्य द्या वाक्य!"

नाट्यगृहात सगळे त्याला कुजबुजे म्हणत. त्याने तिचे नाव बीजबाई ठेवले. आठव्या दिवशी पाऊस नव्हता, तरी ती आली. वर्ष संपण्याच्या आत त्यांचे लग्न झाले.

पहिली दोन वर्षे सुखाची होती, यात शंका नाही. दुकानात ती म्हणे, "एक डझन..." आणि तो म्हणे, "बटणं, पांढरी." डॉक्टरकडे ती म्हणे, "पो... पोट..." आणि तो पुढची सगळी लक्षणे सांगून टाकी. नातेवाइकांत तो अभिमानाने म्हणे, "तिच्या ओठांवर यायच्या आत मला कळतं." त्याची थोरली बहीण, जिला दोघेही ताई म्हणत, एकदा तोंडावर म्हणाली, "बरं झालं बाई, तुला फुकटात वकील मिळाला. फक्त लक्ष ठेव हो, उद्या तुझ्या वाटचं जेवूनही घेईल." सगळे हसले. तीही हसली.

मग हळूहळू असे झाले की ती वाक्याचा आरंभ तेवढा करू लागली, आणि पुढचे त्याच्यावर सोडू लागली. नंतर आरंभही नुसत्या नजरेने करू लागली. प्रयोगशाळेत मात्र ती अडखळत का होईना, बोलत असे. ओल्या शोषकागदांवर मांडलेल्या बियांच्या ओळींपुढे उभी राहून सहकाऱ्यांशी वाद घालत असे, विनोददेखील करीत असे. ती घरात बोलेनाशी झाली आहे, हे त्याच्या ध्यानात आले नाही. घरात शब्दांची वाण पडली नव्हती ना! दोघांच्या वाटचे शब्द तो एकटाच बोलत होता.

लग्नाच्या सातव्या वर्षी, एका रविवारी सकाळी घरचा फोन वाजला. ती अंघोळीला गेली होती. प्रयोगशाळेच्या मुख्य कार्यालयातील एक अधिकारी बोलत होते. दूरच्या एका शहरात नवे परीक्षण-केंद्र उघडायचे होते. ते उभे करायला आणि बारा नवे परीक्षक शिकवून तयार करायला त्यांना तीच हवी होती. मुदत तीन वर्षांची. तिचे उत्तर मंगळवारपर्यंत हवे होते.

"मंगळवार कशाला," तो म्हणाला, "मी आत्ताच सांगतो. तिला नाही जमायचं. तिला बोलण्याचा त्रास आहे, साहेब. बारा जणांसमोर उभं राहून शिकवणं... ती नाहीच म्हणेल."

त्याने रिसीव्हर खाली ठेवला. तिला हे सांगितले, तर आपल्याला जमणार नाही हे तिला स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागेल, आणि त्या दुःखातून आपण तिला वाचवले, असे त्याला मनापासून वाटले. म्हणून त्याने तिला सांगितले नाही. तिने टॉवेलने केस पुसत विचारले, "को... कोणाचा..." तो म्हणाला, "फोन? काही नाही, चुकून लागला होता."

चार महिन्यांनी तेच अधिकारी प्रयोगशाळेच्या तपासणीला आले. जाताना सहज म्हणाले, "तुम्ही नाही म्हणालात, फार वाईट वाटलं. पण तुमच्या यजमानांनी कारण सांगितलं, तेव्हा पटलं."

त्या संध्याकाळी ती घरी आली, चपला जागच्या जागी ठेवल्या आणि गप्प राहिली. नजरेनेही वाक्य सुरू करीना. एकोणीस दिवस असे गेले. विसाव्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तिच्या अक्षरातील एक चिठ्ठी होती. त्यावर एक पत्ता होता, बुधवार, दुपारी चारची वेळ होती, आणि खाली एवढेच: 'नवरा-बायकोच्या समुपदेशनासाठी जाते आहे. यायचं असेल तर ये.'

"भांडायलासुद्धा आता वेळ ठरवून जायचं का?" ताईने फोनवर विचारले. "आमच्या वेळी स्वयंपाकघरात भांडणं व्हायची, आणि पोळी करपायच्या आत मिटायची."

"आमच्यात भांडण झालंच नाही ताई," तो म्हणाला. "ती बोलतच नाही."

"मग जा बाबा. आणि ऐक, तिथं तरी तोंड मिटून बस."

समुपदेशिका पन्नाशी ओलांडलेल्या, सावकाश हालचालींच्या बाई होत्या. त्यांच्या खोलीत तीन सारख्या खुर्च्या होत्या, एक खिडकी होती, आणि भिंतीवर काहीही नव्हते. त्यांनी आरंभीच सांगितले, "मी इथे तुटलेलं जोडून देत नाही. जोडायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवाल. तुम्ही एकमेकांना नीट ऐकू यावं, एवढंच मी बघते." मग तिच्याकडे वळून विचारले, "तुम्ही का आलात?"

"तिला माझा राग आलाय," तो म्हणाला.

"मी त्यांना विचारलं."

"हो, पण तिला सांगायला जरा..."

"मी त्यांनाच विचारलं," बाई हसून म्हणाल्या. "आज खिडकीबाहेर पाऊस आहे, मला कुठे जायचं नाही."

त्या दिवशी बाईंनी एक नियम घालून दिला. एकाने बोलायचे. त्याचे बोलणे संपल्यावर दुसऱ्याने मनात पाच अंक मोजायचे, आणि मग जे ऐकले तेच, त्याच शब्दांत परत सांगून विचारायचे, 'मी बरोबर ऐकलं का?' उत्तर द्यायचे नाही, समजूत घालायची नाही, सुधारणाही करायची नाही.

ती बोलू लागली. "त्या दि... दिवशी... तू फो... फोनवर..." खोलीत बाईंच्या मनगटी घड्याळाची टिकटिक होती, पाऊस होता, आणि तिच्या ओठांवर अडलेले एक अक्षर होते. तो खुर्चीच्या कडेला आला. त्याने मूठ वळली. एका वाक्याला तिला जवळजवळ एक मिनिट लागले. "तू फोनवर माझ्या तोंडचं उत्तर दिलंस. मला तुझा सं... संताप आला."

त्याने पाच अंक मोजले. "मी फोनवर उत्तर दिलं, म्हणून तुला वाईट वाटलं."

"त्या संताप म्हणाल्या," बाई म्हणाल्या.

"तेच ते."

"तेच असेल, तर तोच शब्द वापरायला काय हरकत आहे?"

तो शब्द तिच्याविषयी, स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या तोंडाने उच्चारणे त्याला फार जड गेले. आयुष्यभर त्याने इतरांची वाक्ये कुजबुजली होती. मोठ्याने बोलायची वेळ त्याच्यावर प्रथमच आली होती.

बुधवारमागून बुधवार गेले. मध्ये काही दिवस बाईंनी दोघांना वेगवेगळे बोलावले. त्याच्या एकट्याच्या बैठकीत त्यांनी विचारले, "समोरचा थांबला, की तुम्हाला काय होतं?"

"छातीत काहीतरी दाटतं. आमच्या घरी आई गप्प झाली, की पुढे भांडी आपटायची हे ठरलेलं. म्हणून कुणी गप्प झालं, की मी काहीतरी बोलून टाकायचो. काहीही."

"आणि रंगमंचावर? नट थांबला, की लगेच वाक्य देता?"

"छे! असं करून कसं चालेल?" तो उत्साहाने सावरून बसला. "एकदा दिलं होतं. आमच्या थोरल्या नटीबाई विंगेत येऊन म्हणाल्या, 'मेल्या, तो माझा विराम होता. तू त्यात पाय घातलास.' तेव्हापासून मी आधी श्वास बघतो. विसरलेल्या माणसाचे डोळे सैरावैरा होतात, आणि श्वास सुटलेला असतो. विराम घेणारा श्वास आत धरून ठेवतो, डोळे शांत असतात. त्याला हात लावायचा नाही. तो क्षण त्याचा असतो."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिले. तोही पाहू लागला. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"तिचे डोळे..." तो म्हणाला, "शांतच असतात. नेहमीच."

त्या दिवशी तो पायी घरी गेला, आणि वाटेत दोनदा त्याचा रस्ता चुकला.

तिच्या एकटीच्या बैठकांत ती काय बोलली, हे तिचे आणि बाईंचे आहे. इतके मात्र सांगता येईल की एकदा बाईंनी तिला विचारले, "त्याने तुमचं बोलणं घेतलं, हे खरं. पण तुम्ही कधी ते देऊ केलं होतंत का?" यावर ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "हो. मला सो... सोपं जात होतं."

हळूहळू दोघांना एक नवी सवय लागली. बैठक संपली, की कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात जायचे. पहिल्याच दिवशी ती गल्ल्यापाशी उभी राहिली. "दो... दोन..." मागचा माणूस घड्याळ बघू लागला. नवरा मात्र दारावरच्या पाटीकडे बघत उभा राहिला, जणू ती पाटी वाचण्यासाठीच त्याचा जन्म झाला होता. तिने दोन कॉफी मागितल्या, एकीत साखर नको म्हणाली, आणि चमचा बदलूनही घेतला.

"आज जीभ कु... कुठे ठेवलीस?" टेबलापाशी बसताना तिने विचारले.

"घरी. कुलूप घालून."

"किल्ली?"

"तुझ्याकडे."

"मग आ... आज देत नाही," ती म्हणाली, आणि सात वर्षांपूर्वीचे ते सरळ डोळे पुन्हा त्याच्यावर रोखले गेले.

तो दुसऱ्यांदा तिच्या प्रेमात पडला, आणि या वेळी फार खोल पडला. कारण आता तो तिला ऐकत होता. तिच्या वाक्यांचे शेवट त्याला वाटत होते तसे नव्हतेच! एकदा ती म्हणाली, "मला गर्दीत..." आणि थांबली. सात वर्षे त्याने हे वाक्य 'भीती वाटते' असे पुरे केले होते. त्या दोन शब्दांपायी त्यांनी कितीतरी समारंभ टाळले होते, कितीतरी आमंत्रणे परत पाठवली होती. त्या दिवशी तो थांबला.

"मला गर्दीत... ब... बरं वाटतं. कुणी माझ्या तों... तोंडाकडेच बघत बसत नाही."

त्याने पाच अंक मोजले. डोळ्यांत पाणी आले होते, ते आवरून तो म्हणाला, "तुला गर्दीत बरं वाटतं. मी बरोबर ऐकलं?"

"बरोबर."

"आणि मी सात वर्षं तुला घरात बसवलं."

"उ... उत्तर द्यायचं नाही, असा नियम आहे."

"हे उत्तर नाही. हा कबुलीजबाब आहे."

"मग ठी... ठीक," ती म्हणाली, आणि टेबलावरून हात पुढे करून तिने त्याची करंगळी धरली. एवढेच. बाहेर भुरभुर पाऊस चालला होता. पुढच्या कितीतरी दिवसांत त्याला त्या करंगळीची ऊब आठवत राहिली.

याच सुमारास दूरच्या केंद्रावर नेमलेले गृहस्थ आजारी पडले, आणि काम अडले. या वेळी तिने स्वतःच मुख्य कार्यालयात फोन लावला. तो शेजारच्या खोलीत होता. फोनवरचे तिचे अडखळणे त्याला भिंतीपलीकडून ऐकू येत होते, आणि तो उशीत तोंड खुपसून बसला होता. रडण्यासाठी नव्हे, आपले तोंड गप्प राहावे म्हणून. तिला तात्पुरते दोन आठवडे बोलावण्यात आले; काम जमले, तर पुढे तीच तीन वर्षे.

ती गेली. त्या दोन आठवड्यांत त्याने घराला रंग लावला, दोन खुर्च्या दुरुस्त केल्या, आणि ताईने विचारले तेव्हा सांगितले, "आता सगळं मार्गी लागेल बघ. ती परत आली, की तिला म्हणणार आहे, तीन वर्षं जायचं तर आपण दोघंही जाऊ. नाट्यगृहं काय, तिकडेही असतात."

"तिला विचारलंस?" ताई म्हणाली.

त्याने हातातला रंगाचा ब्रश खाली ठेवला.

"अरे देवा," ताई हळूच म्हणाली. "पुन्हा?"

ती परतली त्या बुधवारी आभाळ भरून आले होते, पण पाऊस पडत नव्हता. बाईंच्या खोलीतील तीन खुर्च्या नेहमीसारख्याच होत्या. ती काळवंडली होती, थोडी वाळलीही होती, आणि सुंदर दिसत होती. आज प्रथम आपण बोलणार, असे तिने सांगितले.

"तिकडे बा... बारा जण होते," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मी चाळीस मिनिटं बो... बोलले. पंधरा मिनिटांचं बोलणं होतं, चाळीस लागली. एक जण हसला. मी त्याला म्हटलं, 'ह... हसून झालं, की वहीत लिहून घ्या.' सगळे हसले. मग कुणी हसलं नाही. मी अड... अडखळले. पण माझी मी अडखळले."

त्याने पाच अंक मोजले, आणि सगळे तिच्याच शब्दांत परत सांगितले. 'माझी मी' हे शब्दही त्याने जसेच्या तसे ठेवले.

"बरोबर ऐकलंस," ती म्हणाली. "अजून आ... आहे."

"मी ऐकतोय."

"तू बदललास. मला ते दि... दिसतं. गेल्या चार महिन्यांइतकं मला तू कधीच आवडला नव्हतास. पण तू समोर असलास, की मी वाक्य सुरू करते, आणि आतून कुणीतरी वा... वाट बघतं, की आता तू देशील. तू देत नाहीस. तरी मी वाट बघते. तिकडे मी कु... कुणाचीच वाट बघत नव्हते. मी तीन वर्षांसाठी जाते आहे. एकटी. आणि मला... मला तुझ्यापासून..."

शब्द ओठांवर येऊन थांबला. तिचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मग जे गेल्या काही महिन्यांत कधी झाले नव्हते ते झाले. तिने त्याच्याकडे पाहिले. जुन्या सवयीने, अडलेल्या माणसाच्या आर्ततेने पाहिले. ती नजर मागत होती.

शब्द त्याला ठाऊक होता. बैठकीला येतानाच जिन्यात, तिच्या पाठमोऱ्या खांद्यांवरून तो त्याला कळला होता. तो शब्द देणे किती सोपे होते! दिला असता तर तिची सुटका झाली असती. आणि कदाचित, जे वाक्य त्याने पुरे केले ते अर्धे त्याचेच झाले असते. पुढे कधी तिला म्हणता आले असते, की तो शब्द माझा नव्हताच. या वेळी त्याने तिचा श्वास पाहिला नाही, डोळे पारखले नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो नुसता बसून राहिला. बाईंनी पुढे काढून ठेवलेला पाण्याचा पेलाही कोणी उचलला नाही. किती वेळ गेला हे कोणी मोजले नाही.

"वे... वेगळं व्हायचं आहे," ती म्हणाली.

एक. दोन. तीन. चार. पाच.

"तुला माझ्यापासून वेगळं व्हायचं आहे," तो म्हणाला. स्पष्ट, पूर्ण आवाजात म्हणाला. "मी बरोबर ऐकलं?"

"बरोबर ऐकलंस."

तिच्या गालांवरून पाणी वाहत होते, आणि चेहऱ्यावर कुठेही लाज नव्हती. तिने पदराने नाक पुसले आणि म्हणाली, "आता तू बोल."

त्याने तोंड उघडले. दोघांनी मिळून जायचे बोलणे, रंगवलेल्या भिंतींचे बोलणे, जुळवून ठेवलेली सगळी वाक्ये त्याला आठवली. त्यांतले एकही त्याला उच्चारावेसे वाटले नाही, कारण त्या प्रत्येकात तिच्या वाटचे उत्तर त्याने आधीच घालून ठेवले होते. मग त्याच्यापाशी काहीच उरले नाही. तो अडखळला.

"माझं..." तो म्हणाला. "माझं... तु..."

तिला तो शब्द ठाऊक नव्हता असे नाही. ती थांबली. खुर्चीत थोडी पुढे सरकली, आणि ज्या धीराने ती एखादे बी आठ दिवस पाहत बसे, त्या धीराने ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्याचे बोलणे कोणी असे ऐकले नव्हते. कधीच नाही.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," तो म्हणाला. "बाकी काही नाही. एवढंच आहे."

तिने पाच अंक मोजले. तिचे ओठ मोजताना हलत होते.

"तुझं मा... माझ्यावर प्रे..."

तो गप्प राहिला.

"...प्रेम आहे. मी बरोबर ऐकलं?"

"बरोबर ऐकलंस."

बाईंनी दोघांकडे पाहिले. पुढची वेळ त्यांनी दिली नाही. कोणी मागितलीही नाही.

खाली रस्त्यावर तिने टॅक्सी थांबवली आणि चालकाला पत्ता सांगू लागली. पत्ता लांब होता, त्यात जोडाक्षरे होती. चालकाने एकदा मागे वळून पदपथावर उभ्या असलेल्या गृहस्थाकडे पाहिले, की हे तरी सांगतील. त्या गृहस्थाने मान हलवून त्याला तिच्याकडेच बोट दाखवले. तिने पत्ता पुरा केला. गाडी निघाली. ती वळणाआड गेल्यावरही तो काही वेळ तेथेच उभा होता, आणि मग पायीच नाट्यगृहाकडे चालू लागला.

ज्यांनी प्रेम केले, चूक केली, ती ऐकून घेतली आणि एकमेकांना मोकळे केले, त्या दोघांचे कल्याण असो. तिच्या वाणीला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ देणारी माणसे तिला लाभोत. त्याच्या घरातील शांततेचे त्याला भय न वाटो. आणि त्या तीन खुर्च्यांच्या खोलीत यापुढे जे कोणी जाऊन बसतील, त्यांना एकमेकांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकण्याचे बळ मिळो.